अंगणातील शाकवर्ग : व्यवसायबंधूंसाठी काही विचार

आयुर्वेदीय औषधांविषयी आपल्या सभांमधून चर्चा निघाली की ती बहुधा कच्च्या मालाची टंचाई, वाढते दर आणि प्रयोगशाळेतील परीक्षणाचा खर्च या तीन मुद्द्यांभोवती फिरते. हे तिन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु त्यांच्याही आधीचा एक प्रश्न आपण सोयीस्करपणे बाजूला ठेवतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जी वनस्पती आपण चिठ्ठीवर लिहितो किंवा पोत्याने खरेदी करतो, ती ओली, हिरवी, मातीत रुजलेली अशी आपणांपैकी कितीजणांनी गेल्या वर्षभरात पाहिली आहे? पदवी अभ्यासक्रमात द्रव्यगुणाच्या वनौषधी सहली झाल्या, वह्यांत पाने चिकटवली गेली, गुण मिळाले. त्यानंतर मात्र वनस्पतीशी आपला संबंध राहिला तो चूर्ण, भरड आणि गोळी यांच्यापुरताच. या लेखात मांडावयाचा विचार साधा आहे. वैद्याच्या घराभोवती अथवा दवाखान्यामागे जी थोडी उघडी माती असते, तीवर जमिनीलगत पसरणाऱ्या खाद्य व औषधी वनस्पती लावाव्यात. हा छंद नसून आपल्या व्यवसायाचे ते एक अंग आहे.

या मतापर्यंत मी ग्रंथांतून आलो नाही, एका चुकीतून आलो. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी ओलांडलेल्या एक शेतमजूर आजी पायांवरील सूज घेऊन आल्या. हृदय आणि वृक्क यांच्या तपासण्या झालेल्या होत्या व त्यांत गंभीर असे काही आढळले नव्हते. मी पुनर्नवा पंचांगाचा क्वाथ लिहून दिला. तिसऱ्या दिवशी त्या दुकानातून आणलेली पुडी घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "डाक्टर, ही घेटुळी न्हवं." मी हसून म्हणालो, "आजी, वाळल्यावर सगळं सारखंच दिसतं. तुम्ही काढा घ्या." त्या गेल्या. सूज उतरली नाही. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेली दोन उपटलेली रोपे त्यांच्या हाती होती. "दोन्ही आमच्या बांधावर उगवत्यात. घेटुळीचं बी लुगड्याला चिकटतं. तुमच्या पुडीतलं कुठं चिकटतंय?"

मी भिंग काढले. पुडीतल्या भरडीत झाकणासारखे उघडणारे लहान बोंड होते आणि त्यात काळे, वृक्काकृती बी. पुनर्नवेचे, म्हणजे बोऱ्हाविया डिफ्यूजाचे फळ पाच कंगोऱ्यांचे व चिकट असते. तिची बारीक गुलाबी फुले देठावर गुच्छाने येतात. पुडीतील वनस्पती ट्रायन्थेमा पोर्टुलाकास्ट्रम होती. तिचे फूल पानाच्या बगलेत बिनदेठाचे बसलेले असते. ही भेसळ नवी नाही. पांढरी पुनर्नवा या नावाखाली ती बाजारात कित्येक वर्षे चालत आलेली आहे आणि द्रव्यगुणाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात तिचा उल्लेख आहे. मीही तो परीक्षेत लिहिला होता. परंतु पुडी हातात असताना मला ती ओळखता आली नाही, आणि ज्या व्यक्तीला ओळखता आली तिचे म्हणणे मी पदवीच्या भरवशावर हसण्यावारी नेले. सुदैवाने अपाय झाला नाही. रुग्णाचे दोन आठवडे मात्र वाया गेले, आणि ते माझ्यामुळे गेले.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की औषधींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी जाणतात. वैद्याचे वैशिष्ट्य त्यांचा योग जाणण्यात आहे. आपण या विधानाचा उत्तरार्ध आवडीने सांगतो आणि पूर्वार्ध विसरतो. नाम आणि रूप यांचे ज्ञान गुराख्याकडे आहे हे आचार्यांनी गृहीत धरले, ते वैद्याने त्याच्याकडून घ्यावे म्हणून. आज गुराखीही शहरात आला आहे. मग रूपज्ञान उरले कोणाकडे? पोते भरणाऱ्याकडेही ते असेलच अशी खात्री देता येत नाही.

आता बागेकडे वळू. ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी 1978 मध्ये पर्माकल्चर ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबाद येथे भरली होती, यावरून तिचा आपल्याकडील प्रसारही लक्षात यावा. निसर्गातील वनाप्रमाणे बागेतही थर असावेत, उंच वृक्ष, लहान वृक्ष, झुडपे, वेली, कंद आणि जमिनीलगतचे आच्छादन यांनी एकमेकांस साह्य करावे, आणि माती कधीही उघडी राहू नये, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. कोकणातील वाडी आणि गोव्यातील कुळागर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. माड-पोफळीखाली केळ, पोफळीवर मिरवेल आणि खाली सावलीत वाढणारी झाडे ही रचना तेथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून घराच्या गच्चीवर आणि परसातही विज्ञाननिष्ठ लागवड कशी करता येते, हे मराठी माणसाला आपल्या भाषेत समजावून सांगितले होते.

या रचनेतील सर्वांत खालचा थर, म्हणजे भूच्छादन, आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत उघडी माती तापते, तिच्यातील ओल उडून जाते, आणि जूनच्या पहिल्या सरींत तिचा वरचा सुपीक थर वाहून जातो. पसरणाऱ्या वनस्पतींनी ती झाकली तर ओल टिकते, माती थंड राहते, पावसाचा थेंब पानावर फुटतो आणि गळलेल्या पानांचे खत तेथेच होते. भूमी झाकून ठेवणाऱ्या या वनस्पतींची यादी करू लागलो, तर आपल्या निघंटूंतील शाकवर्गच समोर उभा राहतो. लोणिका, चांगेरी, पुनर्नवा, मंडूकपर्णी, उपोदिका ही सर्व नावे आपल्या परिचयाची आहेत. ज्यांना आपला माळी तण म्हणून उपटतो आणि गृहनिर्माण संस्था ज्यांच्यावर तणनाशक फवारते, त्यांतील काही वनस्पती आपण दुसऱ्या दिवशी वाळलेल्या स्थितीत पैसे देऊन विकत घेतो, ही विसंगती कोणाच्याच लक्षात येत नाही.

माझ्या दवाखान्यामागील बारा फूट बाय आठ फूट जागेत जे केले, ते अनुभवाच्या मर्यादेत सांगतो. कढीपत्ता, शेवगा आणि अडुळसा ही झाडे तेथे आधीच होती. त्यांच्यामुळे काही भाग उन्हात, काही अर्धसावलीत आणि पाण्याच्या टाकीलगतचा कोपरा सतत ओला, असे तीन विभाग आपोआप पडलेले होते. पावसाळ्याच्या तोंडावर माती मोकळी केली, कुजलेला पालापाचोळा मिसळला आणि प्रत्येक वनस्पतीला तिच्या प्रकृतीनुसार जागा दिली.

उन्हाच्या भागात घोळ, म्हणजे पोर्टुलाका ओलेरासिया, आणि पुनर्नवा लावली. घोळाची भाजी आपल्या घरांतून होत आलेली आहे. तिच्यात ओमेगा-3 वर्गातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल पालेभाज्यांच्या मानाने लक्षणीय प्रमाणात आढळते, याकडे आर्टेमिस सिमोपौलोस यांनी 1986 मध्ये वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले होते. या वनस्पतीचे आणखी एक वैशिष्ट्य वैद्याला विचार करावयास लावणारे आहे. पाण्याचा ताण पडला की ती रात्री कर्बवायू घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवते आणि दिवसा ते वापरते. त्यामुळे अशा दिवसांत पहाटे खुडलेली पाने दुपारच्या पानांहून अधिक आंबट लागतात. औषधी कोणत्या वेळी आणि ऋतूत घ्यावी, याविषयी आचार्य इतके आग्रही का होते, हे जिभेवर कळते. पाठांतराने ते मला कळले नव्हते.

अर्धसावलीत मंडूकपर्णी लावली आणि टाकीलगतच्या ओल्या कोपऱ्यात जलब्राह्मी. ही दोन रोपे शेजारी लावण्यामागे हेतू होता. महाराष्ट्रात रोपवाटिकेत जाऊन ब्राह्मी मागितली की बहुतेक वेळा कारिवणा, म्हणजे सेंटेला एशियाटिका हाती पडते. तीच आपली मंडूकपर्णी. आयुर्वेदीय औषधकोशाने मात्र ब्राह्मी म्हणून बकोपा मोनिएरी स्वीकारलेली आहे. चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत मंडूकपर्णीचा स्वरस सांगितला आहे, तर आपले ब्राह्मीघृत आणि सारस्वतारिष्ट ब्राह्मीवर उभे आहे. दोन्ही तिक्त, दोन्ही मेध्य मानलेल्या. परंतु एकीची पाने लांब देठाची, गोल व वृक्काकृती, तर दुसरीची लहान, मांसल, बिनदेठाची आणि समोरासमोर. पहिलीत एशियाटिकोसाइड, दुसरीत बॅकोसाइड. घटक वेगळे असताना दोहोंचे कार्य तंतोतंत एकच मानणे हे ना शास्त्राला धरून आहे, ना विज्ञानाला. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता हा वाद समजावून सांगत नाही. त्यांना मागच्या दारी नेतो आणि दोन्हींचे एकेक पान चावावयास देतो.

चांगेरी, म्हणजे आंबुटी, लावावी लागली नाही. ती आपोआप आली. ग्रहणी, अर्श आणि अतिसारात तिचा उपयोग शास्त्राने सांगितला आहे, आणि गुदभ्रंशातील चांगेरीघृत तर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. मात्र तिच्या शेंगा फुटून बी दूर उडते, म्हणून तिला मर्यादेत ठेवावे लागते. पुनर्नवेचे मूळही खोल व जाड होते. एकदा रुजली की ती नावाप्रमाणे दरवर्षी नवी होऊन येते, आणि नको असलेल्या जागी आली तर काढणे कष्टाचे जाते. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा निंदणी करावीच लागली. पुढे रोपे एकमेकांना भिडल्यावर तो कष्ट बराच कमी झाला.

येथे काही व्यवसायबंधू आक्षेप घेतील, आणि ते योग्यच आहेत. पहिला आक्षेप असा की अशा वाफ्याने औषधशाळेची गरज भागेल काय? मुळीच नाही. घोळासारख्या वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. दहा किलो ओली वनस्पती वाळवली तर एक किलोही शिल्लक राहत नाही. अंगणातील वाफा हा कच्च्या मालाचा पर्याय नव्हे आणि तसे भासवणारा लेख मी लिहिणार नाही. त्याचा उपयोग तीन ठिकाणी आहे : ताज्या स्वरसासाठी, पथ्याच्या भाजीसाठी आणि खरेदीच्या मालाशी ताडून पाहण्यासाठी. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते असे शार्ङ्गधराने सांगितले आहे. पंचविध कषायकल्पनांत स्वरस सर्वांत बलवान मानला आहे, आणि आज तोच आपल्या व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, कारण ओली वनस्पती हाताशी नसते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. खाद्य म्हणजे निर्धोक, असा समज रुग्णांत आणि कधीकधी आपल्यातही असतो. घोळ आणि चांगेरी या दोहोंत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते, म्हणून अश्मरीची प्रवृत्ती असलेल्यांना ती नित्य देऊ नयेत. पुनर्नवेत पोटॅशियमचे क्षार असतात. वृक्कविकाराने ज्यांच्या रक्तातील पोटॅशियम आधीच वाढलेले आहे, अशा रुग्णास ती शोथघ्न म्हणून डोळे मिटून लिहिणे घातक ठरू शकते. मंडूकपर्णीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे काही रुग्णवृत्तांत प्रसिद्ध झालेले आहेत. घोळासारख्याच दिसणाऱ्या दुधी जातीच्या काही वनस्पती जमिनीलगत पसरतात. खोड मोडून पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, एवढी खूण तरी घरातील प्रत्येकास ठाऊक असावी. आणि जागेविषयी तर शास्त्र स्पष्टच आहे. सुश्रुताचार्यांनी स्मशान, वारूळ, वधस्थान अशा जागी उगवलेली औषधी वर्ज्य मानली. आजच्या काळात या यादीत गटाराचा काठ, रहदारीच्या रस्त्याची कड, जुन्या रंगाचे पापुद्रे पडणारी भिंत आणि साबणाचे पाणी सोडलेली मोरी यांची भर आपणच घालावयास हवी. ओल्या जागेतील ब्राह्मी सांडपाण्यावर वाढवून कच्ची खाण्यास देणे, हा तर सरळ अपराध होय.

तिसरा आक्षेप जागेचा व वेळेचा. सदनिकेत राहणाऱ्यास अंगण कोठून आणावे? त्यास माझे उत्तर असे की लिंबाच्या वा कढीपत्त्याच्या कुंडीत खोडाभोवती जी उघडी माती असते, तेवढ्यातही मंडूकपर्णी पसरते. पाणी थांबेल अशा उथळ पसरट भांड्यात जलब्राह्मीच्या फांद्यांचे तुकडे सहज रुजतात. दोन कुंड्यांनी माती वाचत नाही हे मान्य, परंतु वैद्याची नजर वाचते.

औषधशाळांच्या मालकांसाठी दोन शब्द अधिक. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमांतील शेड्यूल टी अन्वये उत्पादन व गुणवत्तेविषयीची बंधने 2000 मध्ये आली. त्यानंतर आपल्यापैकी अनेकांनी प्रयोगशाळा उभ्या केल्या वा बाहेरून परीक्षणे करून घेतली, हे अभिनंदनीय आहे. परंतु पोत्यातून नमुना कोणता उचलावयाचा आणि कोणत्या पोत्याविषयी शंका घ्यावयाची, हे यंत्र ठरवत नाही. ते पोते उघडणारा कामगार ठरवतो. त्या कामगाराने पुनर्नवा वर्षभर, अंकुरापासून चिकट फळापर्यंत पाहिलेली असेल, तर तो पोते उघडताक्षणी हात थांबवील. गोदामाच्या कुंपणालगत चार-पाच वनस्पतींचा एक वाफा आणि शेजारी त्याच वनस्पतींचे वाळवून, दिनांक घालून ठेवलेले नमुने, एवढीच व्यवस्था यासाठी पुरेशी आहे. वाफ्यातील वनस्पतींची ओळख मात्र एकदा जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञाकडून करून घ्यावी. चुकीच्या रोपाला प्रमाण मानून खरेदी केली, तर चूक कायमची होईल.

शेवटी संघटनेस एक विनंती. प्रत्येक जिल्हा शाखेने जून महिन्याची एक बैठक सभागृहाऐवजी एखाद्या सभासदाच्या अंगणात घ्यावी. येताना प्रत्येकाने आपल्याकडील एक रोप आणावे आणि जाताना दुसऱ्याचे न्यावे. देण्यापूर्वी ते सर्वांसमोर ओळखले जावे, त्याचे प्रादेशिक नाव, शास्त्रीय नाव आणि सारख्या दिसणाऱ्या वनस्पतींपासूनचा भेद सांगितला जावा. त्या बैठकीस परिसरातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्यास किंवा गुराख्यास सन्मानाने बोलवावे आणि त्याला प्रथम बोलू द्यावे.

त्या आजी पुढे बराच काळ माझ्याकडे येत असत. वाफ्यातील पहिली पुनर्नवा त्यांनीच आणून दिलेल्या बियांची आहे. दवाखान्यात आलेली कोणतीही नवी पुडी मी आजही प्रथम मागच्या दारी नेतो आणि त्या रोपाशेजारी ठेवून पाहतो.